विमलेश्वर ते मिठी तलाई: पौषातली नाव, उत्तरेचा वारा आणि आईची थंडी

दांडियाबाजारकर

नर्मदे हर.

येत्या पौषात आमच्याच आळीतली तीन कुटुंबं नर्मदा परिक्रमेच्या बसनं निघताहेत. त्यातल्या दोघी सत्तरीच्या पुढच्या. काल एक काकू घरी येऊन विचारत होत्या, "नावेत काय काय घ्यायचं रे?" मी बोलत बसलो आणि तासाभरानं जाणवलं की हे लिहून ठेवायला हवं. बडोद्यातून दरवर्षी कितीतरी मराठी घरं जातात, आणि सगळे तयारी करतात ती चालण्याची, सोवळ्याची, स्वयंपाकाची. नावेची तयारी कुणी करत नाही. मीही केली नव्हती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. परिक्रमेत मैया, म्हणजे नर्मदा, ओलांडायची नसते. दक्षिण तटानं अंकलेश्वर, हांसोट करत विमलेश्वरला पोचलं की पुढे जमीन संपते. तिथून मोटरबोटीनं नदीच्या मुखाबाहेरून, खंबातच्या आखातातून वळसा घालायचा आणि उत्तर तटावर दहेजजवळ मिठी तलाईला उतरायचं. सगळं सुरळीत झालं तर तीन ते चार तास. अमरकंटकहून निघालेली १३१२ किलोमीटरची नदी इथं समुद्राला मिळते, आणि त्या मिलनाच्या पाण्यावरून आपली नाव जाते.

आम्ही गेलो तेव्हा आईचं वय ७१ होतं. मी, आई आणि धाकटी मावशी. आदल्या रात्री टंडेल, म्हणजे नाव चालवणारा, येऊन सांगून गेला की पहाटे चारला पाणी भरेल, साडेतीनला काठावर या. वासी उत्तरायणाची, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाची, पहाट होती, पौर्णिमा होऊन दोन दिवस झालेले. चंद्र पश्चिमेला कलला होता आणि खाडीचं पाणी अगदी काठोकाठ आलं होतं. चिखलातून, मग फळीवरून नावेत चढलो. लाईफ जॅकेट होती, प्रत्येकाला मिळाली. आईनं सुती नऊवारीवर सुती ब्लाउज, त्यावर पातळ स्वेटर, त्यावर जॅकेट आणि सगळ्यावरून शाल घेतली होती. बडोद्यात सकाळी फिरायला जाताना एवढं पुरतं, म्हणून मी काही बोललो नाही. चूक तिथंच झाली.

खाडीतून बाहेर पडेपर्यंत छान होतं. ओहोटीच्या पाण्याबरोबर नाव सरसर निघाली. डावीकडे कुणीतरी गजर म्हणत होतं, टंडेलचा पोरगा पुढच्या टोकाला बसून बांबूनं पाणी मोजत होता. मग उघड्यावर आलो आणि उत्तरेचा वारा समोरून लागला. उत्तरायणाला आपण गच्चीवर ज्याची वाट पाहतो तोच वारा, पण तिथं त्याला अडवायला एक भिंत नाही. नाव वाऱ्याच्या तोंडावर जात असल्यानं प्रत्येक लाटेचा शिंतोडा आत येई. पहिल्या अर्ध्या तासात आईच्या शालीचा पुढचा भाग ओला झाला. ती म्हणाली, "मैयाचं पाणी आहे, लागू दे."

उजाडायच्या सुमाराला मशीन अडखळलं. पंख्यात कुणाच्या तरी जाळ्याचा तुकडा गुंतला होता. नांगर टाकला, पोरगा त्या थंड पाण्यात उतरला आणि विळ्यानं दोर कापत राहिला. पाऊण तास गेला. एरवी पाऊण तास म्हणजे काय, पण तिथं पाणी आपल्यासाठी थांबत नाही. मशीन सुरू करून थोडं पुढे गेलो तोवर एवढं पाणी ओसरलं होतं की नाव गाळाच्या पट्ट्यावर टेकली आणि एका अंगाला किंचित कलली. टंडेल शांतपणे म्हणाला, "पाणी आवशे एटले आपोआप ऊंचकाशे. बेसी रहो." म्हणजे पाणी आलं की नाव आपोआप उचलली जाईल, बसून राहा.

मग आम्ही बसून राहिलो, जवळजवळ चार तास. मैलभर लांब करडा चिखल, त्यावर बगळे, पलीकडे नदीच्या मुखातल्या आलियाबेटाची काळी रेघ. ऊन पडलं होतं पण त्या वाऱ्यात अंगाला लागत नव्हतं. आधी सगळे भजन म्हणत होते, मग हळूहळू गप्प झाले. आई कुडकुडत होती तोवर मी तिचे हात चोळत होतो. नंतर तिचं कुडकुडणं थांबलं आणि मला बरं वाटलं, वाटलं की ऊब आली. मावशीनं तिला विचारलं, "अक्का, चहा झाला की काय करायचं?" आई म्हणाली, "गाय बांधली का?" आमच्याकडे गाय माझ्या जन्माआधी होती.

टंडेलनं ते ऐकलं. तो उठला, आईला उचलूनच मागे मशीनच्या खोक्याजवळ नेलं, वाऱ्याच्या बाजूनं ताडपत्री ताणून बांधली आणि मावशीला म्हणाला, "माजीना भीना कपडा काढो." सोबतच्या एका काठियावाडी आजींनी स्वतःचं लोकरीचं पांघरूण काढून दिलं. मावशीनं आडोसा करून आईचं ओलं लुगडं उतरवलं, कोरड्यात गुंडाळलं आणि स्वतः तिला चिकटून बसली. कुणाच्या तरी थर्मासमध्ये गुळाचा गरम काढा होता, तो घोट घोट दिला. अर्ध्या तासानं ती परत कुडकुडायला लागली. मी घाबरलो, तर टंडेल म्हणाला हे चांगलं आहे.

साडेदहाच्या पुढे भरती लागली. पाणी आत येतंय आणि वारा त्याच्या उलट, त्यामुळे लाटा आखूड आणि उभ्या झाल्या. नाव उचलली गेली आणि मग शेवटचा तास सगळ्यात वाईट होता. साडेबाराला मिठी तलाईला उतरलो. आईला आठवतं ते फक्त उतरताना, तिथल्या गोड्या पाण्याचा घोट.

टंडेलबद्दल एक वाक्य लिहिल्याशिवाय पुढे जाणार नाही. नाव टेकली तेव्हा बसमधले दोघे त्याच्यावर ओरडले, घाई करायला हवी होती म्हणून, जाळं न दिसल्याबद्दल. मीही मनातून चिडलो होतो. त्या माणसानं एकदाही आवाज चढवला नाही, आणि माझ्या आईला काय होतंय हे माझ्याआधी त्याला कळलं. पाण्याची वेळ त्याच्यावर सोडून द्या. अंगावर काय घालायचं आणि किती वेळ भिजून बसायची तयारी ठेवायची, ते मात्र आपण पाहायचं असतं, ते तो पाहू शकत नाही.

ज्यांनी ही नाव केली आहे त्यांनी कृपया लिहा. काकूंना हा धागा वाचून दाखवणार आहे.

कारेलीबागची_सून

"गाय बांधली का" वाचून डोळ्यांत पाणी आलं. दादा, आई आता ठीक आहेत ना?

एक गोष्ट बायका मोकळेपणी विचारत नाहीत म्हणून मी विचारते. नावेत सोय नसते. माझ्या सासूबाई याच भीतीनं आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद करून बसल्या होत्या. तिकडे पोचेपर्यंत त्यांना चक्कर आली होती. तुमच्याबरोबरच्या बायकांनी काय केलं?

दांडियाबाजारकर

ताई, आई उत्तम आहे, रोज सूरसागरला चक्कर मारते. मावशीला विचारलं. तिनं सांगितलं ते असं: मागच्या बाजूला दोघींनी साडी धरून आडोसा केला आणि झाकणाचा डबा वापरला, कुणालाही काही वाटलं नाही. मोठ्या मापाचं डायपर घालणंही लाजेचं नाही असं ती म्हणते. पाणी बंद करणं मात्र नको.

मांजलपूर_दवाखाना

जनरल प्रॅक्टिस करते, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

आईंना जे झालं ते हायपोथर्मिया, म्हणजे शरीराचं आतलं तापमान उतरणं. लोकांना वाटतं की त्याला हिमालय लागतो. लागत नाही. १२-१४ अंशांची हवा, जोराचा वारा, ओले कपडे आणि हालचाल न करता बसलेलं वयस्क शरीर, एवढं पुरतं. पाणी अंगातली उष्णता हवेच्या वीस-पंचवीसपट वेगानं ओढून नेतं. सुती कापड ओलं झालं की अंगाला चिकटून तेच काम करत राहतं. लोकर ओली झाली तरी थोडी ऊब धरते. म्हणून त्या आजींचं पांघरूण उपयोगी पडलं.

कुडकुडणं थांबलं, बोलणं मंद किंवा असंबद्ध झालं, बोटांनी बटण लावता येईना, की समजा माणूस बिघडतोय. कुडकुडणं म्हणजे शरीर लढतंय, ते परत सुरू झालं म्हणजे सुधारतंय. टंडेलचं म्हणणं अगदी बरोबर होतं.

करायचं काय: ओले कपडे काढा, आधी छाती-पोट-मान-डोकं झाका, दुसऱ्या माणसाच्या अंगाची ऊब द्या, शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर गरम गोड पाणी. हातपाय जोरात चोळू नका, दादा, तुम्ही प्रेमानं चोळत होता हे कळतं, पण त्यानं थंड रक्त आत ढकललं जातं. "थोडी ब्रँडी द्या" म्हणणारा कुणीतरी सगळीकडे भेटतो, त्याचं ऐकू नका. आणि मशीनजवळ बसवताना धूर कुठल्या बाजूला जातोय ते पाहा, ताडपत्रीच्या आत धूर कोंडला तर दुसरंच संकट.

थायरॉईड, मधुमेह, झोपेच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी जाण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं.

प्रतापनगर

मला हे स्पष्ट लिहायला हवं वाटतं. भरूचला १८८१ पासून पूल उभा आहे, आता त्याच्याशेजारी आणखी पूल झाले. सत्तरीच्या बाईला पहाटे चार वाजता चिखलातून उघड्या नावेत का चढवायचं? १८ जानेवारी २०२४ ला आपल्या हरणी तलावात नाव उलटली, १२ लेकरं आणि २ शिक्षिका गेल्या. तलावात, काठ दिसत असताना. त्या संध्याकाळपासून मी कुठल्याही नावेकडे पाहू शकत नाही. माझ्या शेजारच्या घरात त्या शाळेत जाणारं मूल होतं, ते त्या दिवशी सहलीला गेलं नव्हतं म्हणून आज आहे.

श्रद्धेला माझा नमस्कार. पण माणसं बसवताना कुणी मोजतं का?

नरेश्वरवारी

प्रतापनगर, तुमचं दुःख समजतं आणि प्रश्न योग्य आहे. मोजायलाच हवं. मी दोनदा पायी केली. दुसऱ्यांदा नावेत माणसं जास्त होताहेत असं वाटलं तेव्हा आम्ही सहा जण उतरलो आणि विमलेश्वरच्या धर्मशाळेत पुढच्या भरतीपर्यंत राहिलो. कुणी वाईट बोललं नाही. परिक्रमेत घाई करायची नसतेच. बसवाल्यांचं वेळापत्रक असतं, तिथं अडचण होते, आणि ते बसमध्ये चढण्याआधीच ठरवून घ्यावं: नाव भरलेली वाटली तर आम्ही थांबू.

पूल का नाही, याचं उत्तर मी वाद घालायला देत नाही. पुलावरून गेलं की मैया ओलांडली जाते आणि परिक्रमा तुटते. ज्यांना झेपत नाही त्यांनी न करता नुसतं गरुडेश्वरला, नरेश्वरला जाऊन बसावं. तिथंही तीच मैया आहे. टेंब्येस्वामी गरुडेश्वरीच १९१४ साली समाधिस्थ झाले, बडोद्याहून एका दिवसात जाऊन येता येतं. पण जिला नाव करायची आहे तिला का करायची ते मला माहीत आहे. मधल्या पाण्यावर पोचल्यावर बाटलीतलं जल थोडं सागराला देतात आणि सागराचं थोडं बाटलीत घेतात. उगमापासून जपलेलं ते पाणी तिथं खारं होतं. माझ्या आईचा हात त्या वेळी थरथरत होता, थंडीनं नाही.

गुहागरचा_बडोदेकर

आमच्याकडे कोकणात लहान मुलालाही येणारा हिशोब इथं कामाला येईल. तिथीला तीननं गुणा आणि चारनं भागा, भरतीची वेळ मिळते. द्वितीया म्हणजे २ × ३ ÷ ४, दीड. मुंबई-कोकणात त्या दिवशी दीडच्या सुमाराला भरती, पहाटेही आणि दुपारीही. आखाताच्या आत पाणी सरकायला वेळ लागतो, म्हणून तुमच्याकडे चार वाजले. रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकतं.

दुसरं म्हणजे उधाण आणि भांग. पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवस उधाण: भरती फार चढते आणि ओहोटी तितकीच खाली जाते. अष्टमी-नवमी-दशमीला भांग: चढणं-उतरणं कमी. तुम्ही भर उधाणात निघालात. खाडीत भरपूर पाणी मिळालं म्हणून नाव आरामात सुटली, पण तेच पाणी तितकंच खोल उतरलं आणि नाव टेकली. भांगाला एवढं उतरलं नसतं. मात्र भांगाला कधी खाडीतून सुटण्याइतकंच पाणी चढत नाही, त्यामुळे टंडेल भांगाला नकोही म्हणू शकतो. त्याचं ऐकायचं.

आणि खंबातचं आखात म्हणजे आमचा समुद्र नव्हे. आमच्याकडे चढउतार तीन-चार मीटर. तिकडे भावनगरच्या बाजूला दहा मीटरच्या आसपास जातो. आखात नरसाळ्यासारखं आहे: तोंड रुंद, आत अरुंद आणि उथळ. आत शिरलेल्या पाण्याला पसरायला जागा नसते, ते वर चढतं. भावनगर बंदराला त्यासाठी आतलं पाणी अडवून ठेवणारं लॉकगेट आहे, आणि अलंगला जुनी जहाजं भंगारासाठी याच उधाणावर सोडून किनाऱ्यावर चढवतात.

दहेजशिफ्ट

दहेजला कारखान्यात नोकरी, रोज बडोदा-दहेज बस. नावेतून दिसणारी धुराडी आणि रात्रीचे दिवे ते आमचे.

वाऱ्याचं सांगतो. जेट्टीवर काम केलंय. वारा आणि प्रवाह एकाच दिशेला असले की लाट लांब आणि सपाट राहते. ओहोटीला पाणी बाहेर जातं, हिवाळ्यातला उत्तर-ईशान्येचा वाराही बाहेर ढकलतो, म्हणून तुमचा पहिला टप्पा थंड होता पण फार आदळला नाही. भरती लागली की पाणी आत आणि वारा बाहेर. मग लाट आखूड होते, उभी होते, दोन लाटांमध्ये नावेला सावरायला वेळ मिळत नाही. तुमचा शेवटचा तास त्यामुळेच तसा गेला. नाव वेळेत गेली असती तर तो भागच लागला नसता.

गाळाचंही तसंच. आखातापलीकडच्या घोघ्याहून दहेजला येणारी रो-रो फेरी, म्हणजे गाड्यांसकट माणसं नेणारी बोट, २०१७ च्या ऑक्टोबरात सुरू झाली, आम्हाला केवढा आनंद झाला होता. गाळानं तिला टिकू दिलं नाही. पुढे २०२० च्या नोव्हेंबरात हजिरा-घोघा सुरू झाली. मोठ्या जहाजाची ही गत, तर लाकडी नावेच्या टंडेलला रोज बदलणारे पट्टे डोक्यात ठेवावे लागतात. बांबूनं पाणी मोजणारा तो पोरगा म्हणजे त्यांचं यंत्र.

पोथी_आणि_शिलालेख

दहेजशिफ्ट यांच्या शेवटच्या वाक्याला धरून. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात भरूचचं, म्हणजे बारिगाझाचं, वर्णन आहे आणि ते वाचताना हा धागाच वाचतोय असं वाटतं. तो लेखक म्हणतो की इथल्या भरती-ओहोटीत आत्ता समुद्राचा तळ दिसतो तर थोड्या वेळात जमिनीवर जहाजं चालतात, आणि नदी उलटी वाहते. नवख्या जहाजांना मुखातून आत आणणं इतकं कठीण होतं की राजाच्या चाकरीतले स्थानिक कोळी आपल्या लांब नावा घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात, जहाजाला दोर बांधत, भरतीबरोबर ओढत नेत आणि ओहोटी लागली की ठरलेल्या खोल डोहांत नांगरून ठेवत.

म्हणजे "पाणी येईल तेव्हा निघू" हे वाक्य त्या मुखावर दोन हजार वर्षं बोललं जातंय. बसमधल्या त्या दोघांना कुणीतरी हे सांगायला हवं होतं.

अलकापुरी७

मागच्या वर्षी केली. नवीन सांगण्यासारखं थोडं. शाल जॅकेटच्या वरून नको, आतून. वरून घेतलेली शाल पाण्यात पडल्यावर जॅकेटला आणि हातांना गुंडाळते. पदर खोचून घ्या. लाईफ जॅकेटचे सगळे पट्टे लावा, वयस्क बायका गळ्याखालचा एकच लावतात. रिकाम्या पोटी बसू नका, उलटी जास्त होते. आलेपाक तोंडात धरा, नजर लांबच्या रेघेवर ठेवा, मोबाईलमध्ये नको.

आलियाबेटाबद्दल एक. तिथं जत पशुपालकांची वस्ती आहे, त्यांचे खाराई उंट खाडीतून पोहत जातात. २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत तिथं एका कंटेनरमध्ये मतदान केंद्र केलं होतं. आमच्या नावेतून उंट दिसले, सगळी नाव उभी राहू लागली. टंडेल पहिल्यांदाच ओरडला. एका बाजूला उठून गर्दी करू नका, एवढं लक्षात ठेवा.

प्रतापनगर

सगळ्यांचं वाचलं. मोजून बसतात, उतरून थांबतात, हे ऐकून थोडं बरं वाटलं. दांडियाबाजारकर, तुमच्या काकूंना सांगा की माझ्याकडे एक जाड मेणकापडाचा रेल्वेचा कोट आहे. मी गार्ड होतो, पावसाळ्यात त्यावरच नोकरी काढली. त्यांना हवा असेल तर घेऊन जा. परत आणून द्यायची घाई नाही.

दांडियाबाजारकर

प्रतापनगर, उद्या संध्याकाळी येतो. काकूंनी हो म्हटलंय आणि तुमच्या घरी काय न्यायचं याची चर्चाही सुरू झाली आहे.

काल त्यांना सगळा धागा वाचून दाखवला. बसची तारीख बदलत नाही, पण विमलेश्वरला दोन रात्री थांबायचं आयोजकांनी मान्य केलं आहे. पोचतील ती पौष वद्य नवमी. गुहागरकरांच्या हिशोबानं दशमीला साडेसात, त्यात आमच्या वेळेवरून अडीच तास धरले तर दहा वाजतात. म्हणजे उजेडात. टंडेलनं नाही म्हटलं तर एकादशीला.

आईनं तिचं जुनं घोंगडं उन्हात घातलं आहे, ते काकूंबरोबर जाणार. दवाखानाताईंनी लिहिलेलं मी मोठ्या अक्षरात कागदावर उतरवून प्लास्टिकमध्ये घालून दिलंय. आईनं त्या कागदाच्या मागं स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली: "उतरल्यावर तलाईचं पाणी माझ्यासाठी एक घोट जास्त पी."